स्वभावाच्या रकान्यात

एप्रिल लागला की प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्यांच्या पिशव्या जड होतात. निकालाचं काम घरी येतं. श्रेण्या, हजेरी, बेरजा एकीकडे आणि वर्णनात्मक नोंदी दुसरीकडे. शिक्षण हक्क कायद्यानंतर, २०१० पासून, महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि प्रगतिपुस्तकात गुणांच्या जोडीला वाक्यं आली. ‘विशेष प्रगती’, ‘आवड / छंद’, ‘सुधारणा आवश्यक’ असे रकाने. कल्पना चांगलीच होती. मुलाला नुसत्या आकड्याने मोजू नका, त्याच्याकडे नीट बघा आणि जे दिसेल ते लिहा. पण वर्गात पस्तीस-चाळीस मुलं, प्रत्येकाचे सगळे विषय, वर्षाला दोन सत्रं. रात्री अकराच्या पुढे हात आपोआप चालू लागतो. तयार नोंदींच्या पीडीएफ व्हॉट्सअॅपवर फिरतात, त्यातलं वाक्य उचलायचं आणि पुढच्या नावाकडे जायचं.

काही वर्षांपूर्वी कपाट आवरताना माझ्या जुन्या नोंदवह्या हाती लागल्या. चार वर्षांच्या चार वह्या. सहज वाचत बसले आणि थोड्या वेळाने नावांकडे न बघता वाचू लागले. मुलगा की मुलगी हे तरीही कळत होतं. आता मराठीत ते क्रियापदच सांगतं, ‘करतो’ आणि ‘करते’. म्हणून मी शेवटच्या अक्षरावर बोट ठेवलं आणि पुन्हा वाचलं. तरीही कळत होतं. ‘शांत व समजूतदार’, ‘नीटनेटकेपणा’, ‘वर्गसजावटीत मदत’, ‘सर्वांशी मिळूनमिसळून’ या सगळ्या मुली. ‘हुशार पण खोडकर’, ‘धीटपणे बोलणे’, ‘गटाचे नेतृत्व’, ‘जिज्ञासू, सतत प्रश्न’ हे सगळे मुलगे. ‘समजूतदार’ हा शब्द मी चार वर्षांत ज्या मुलग्यांसाठी वापरला, ते एका हाताच्या बोटांवर मोजता आले. ‘सुधारणा आवश्यक’च्या रकान्यात मुलग्यांपुढे ‘अक्षर सुधारावे’ होतं आणि मुलींपुढे ‘धीटपणा वाढवावा’. ज्या मुलीचं गप्प बसणं मी वरच्या रकान्यात कौतुकाने लिहिलं, तिलाच खालच्या रकान्यात बोलायला सांगत होते.

त्या वह्यांत एक मुलगी होती. तिसरीत दोन्ही सत्रांत आणि चौथीच्या पहिल्या सत्रात तिच्यापुढे मी एकच वाक्य लिहिलं होतं: ‘शांत आहे. वर्गकामात मदत करते.’ चौथीच्या दिवाळीनंतर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला आलं. डॉक्टरांनी भिंतीवर तक्ता लावला. तिला वरची दोन अक्षरं सोडून काही दिसेना. म्हणजे निदान दीड वर्ष ही मुलगी फळा न बघता शिकत होती. शेजारणीच्या वहीतून उतरवून घेत होती. मी तिला विचारलं, “अगं, सांगितलं का नाहीस?” ती म्हणाली, “बाई, तुम्हीच म्हणता ना, मधे बोलायचं नाही.”

मधे बोलू नका असं मी सगळ्या वर्गाला सांगत होते. ऐकलं तिने. त्याच वर्गात एक मुलगा होता, त्याला मागच्या बाकावर बसवल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो ओरडला होता, “बाई, दिसंना!” मी त्याला लगेच पुढे घेतलं. त्याची नोंद काढून पाहिली. ‘आपली अडचण स्पष्टपणे मांडतो.’

दोन मुलं, एकच अडचण. ज्याने आरडाओरडा केला त्याच्या वाट्याला पहिला बाक आणि गुण म्हणून एक नोंद. जिने शिस्त पाळली तिच्या वाट्याला ‘शांत’. त्या शब्दाने मला तिच्या डोळ्यांपर्यंत पोहोचूच दिलं नाही. खोडकर म्हटलेल्या मुलाच्या मागे आपण चार वेळा जातो, त्याच्या घरी निरोप धाडतो, त्याचं काय बिनसलंय ते शोधतो. शांत म्हटलेल्या मुलीला आपण तिथेच ठेवून पुढे जातो, कारण तिच्याबद्दल चांगलं लिहून झालेलं असतं.

म्हणून मला जे म्हणायचं आहे ते शिव्यांबद्दल कमी आणि कौतुकाबद्दल जास्त आहे. बाईला कजाग, भांडकुदळ, तोंडाळ म्हणणं अन्यायाचं आहे हे आता बऱ्याच लोकांना पटतं, निदान चारचौघांत तरी ते मान्य करतात. पण ‘समजूतदार’, ‘सोशिक’, ‘सालस’, ‘घरगुती वळणाची’ या शब्दांवर कुणी बोट ठेवत नाही. माझ्या मते जास्त नुकसान याच शब्दांनी केलं आहे. शिवी दिली तर माणूस उलटून बोलतो. कौतुक केलं की माणूस ते टिकवायला धडपडतो, आणि टिकवता टिकवता आयुष्य जातं.

आपल्या बोलण्यातली वाटणी एकदा डोळे उघडून बघावी. घरात ठामपणे निर्णय घेणारा बाप करारी, तसंच वागणारी आई कजाग. कमी बोलणारा पुरुष धीरगंभीर, कमी बोलणारी बाई शिष्ट, नाहीतर आतल्या गाठीची. चिडका नवरा ‘तापट आहे हो, पण मनाने निर्मळ’, चिडलेली बायको आक्रस्ताळी. बायकोचं ऐकणाऱ्याला बाईलबुद्ध्या म्हणतात. नवऱ्याचं ऐकणारीला काय म्हणतात? मी खूप आठवून पाहिलं. शब्दच नाही. जे गृहीत धरलेलं असतं त्याला नाव लागत नाही.

‘खमकी’ हा त्यातल्या त्यात बरा शब्द. पण तो कुणाला मिळतो तेही बघा. नवरा अकाली गेला, पोरं लहान, हिने शेत कसून घर उभं केलं, बाई खमकी. नवरा दारूत बुडालेला, हिने कर्ज फेडलं, बाई खमकी. ज्या घरात धडधाकट कर्ता पुरुष आहे त्या घरातल्या बाईने असाच खमकेपणा दाखवला तर तिला कुणी खमकी म्हणत नाही. ‘नवऱ्याला मुठीत ठेवते’ म्हणतात. म्हणजे हाही शब्द स्वभावाचा नाही. घरातली एक जागा रिकामी पडली म्हणून तात्पुरती दिलेली परवानगी आहे ती.

कोल्हापूरकडच्या मुली अगदी सहज ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणतात. तिकडे त्यात कुणाला काही वाटत नाही. तीच मुलगी दुसऱ्या शहरातल्या वसतिगृहात गेली की पहिल्या आठवड्यात तिला ‘पुरुषी’ ठरवून मोकळे होतात. बोलीचा एक साधा विशेष आणि त्यावरून स्वभावाचा निवाडा!

हे आपण किती लवकर सुरू करतो हे दाखवणारा एक प्रयोग १९७६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. जॉन आणि सँड्रा काँड्री या संशोधकांनी दोनशेवर लोकांना नऊ महिन्यांच्या एका बाळाचं चित्रीकरण दाखवलं. झाकण उघडताच आतला बाहुला उसळून वर येतो तसलं खेळणं बाळापुढे ठेवलेलं, आणि बाळ दचकून रडतं. बाळ तेच, चित्रीकरण तेच. फक्त काहींना सांगितलं की हा मुलगा आहे, काहींना सांगितलं मुलगी आहे. ज्यांना मुलगा वाटला त्यांनी त्या रडण्याला राग म्हणण्याकडे कल दाखवला, ज्यांना मुलगी वाटली त्यांनी भीती म्हणण्याकडे. नऊ महिन्यांच्या जिवाला अजून बोलताही येत नाही आणि त्याच्या रडण्याचा अर्थ आपण आधीच ठरवून बसलेलो असतो. मग पुढे आपलं वागणंही त्याप्रमाणेच होतं. घाबरलेल्या बाळाला आपण उचलून पोटाशी धरतो. रागावलेल्या बाळाला म्हणतो, बघा कसा ताव आहे साहेबांचा.

पुढे लग्नाच्या वेळी हीच वाटणी छापून येते. कोणत्याही वर्तमानपत्राचं वधूवर पान काढा किंवा विवाह मंडळाचे अर्ज बघा. मुलीसाठी मनमिळाऊ, समंजस, गृहकृत्यदक्ष, घर सांभाळून नोकरी करणारी. मुलासाठी शिक्षण, पगार, स्वतःचा फ्लॅट, शेती आणि स्वभावापुरता एकच शब्द: निर्व्यसनी. मला हा शब्द दर वेळी अडवतो. बाईच्या स्वभावात काय काय असायला हवं याची यादी असते. पुरुषाच्या स्वभावात एक गोष्ट नसली की पुरतं. तो प्रेमळ आहे का, दुसऱ्याचं ऐकून घेतो का, आजारी माणसाच्या उशाशी बसतो का, हे विचारायला रकानाच नाही.

हे सगळं आपल्याकडे फार जुनं आहे आणि त्याला उत्तरही जुनंच मिळालेलं आहे. चाणक्याच्या नावावर सांगितला जाणारा एक श्लोक बरेच जण पाठ म्हणून दाखवतात:

अनृतं साहसं माया मूर्खत्वमतिलोभिता ।
अशौचं निर्दयत्वं च स्त्रीणां दोषाः स्वभावजाः ॥

खोटेपणा, साहस, कपट, मूर्खपणा, अतिलोभ, अस्वच्छता, निर्दयपणा. दोषांची यादी कुणीही कुणाबद्दल करू शकतो. यातला खरा घाव शेवटच्या शब्दात आहे, ‘स्वभावजाः’. हे दोष जन्माबरोबरच येतात, त्यामुळे कारण शोधायला नको, परिस्थिती बघायला नको. आणि दुसरा शब्द बघा, ‘साहस’. आज आपण मुलांना साहसकथा वाचायला देतो. इथे साहस म्हणजे अविचार, मर्यादा सोडून केलेलं कृत्य. पुरुषाने केलं की पराक्रम आणि बाईने केलं की दोष, ही वाटणी त्या एका शब्दाच्या पोटातच आहे.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी नेमका हाच शब्द पकडला होता. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला नवजात बाळाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे अपिलात ती कमी झाली. त्या खटल्याच्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या स्वभावावर झोड उठली. त्याला उत्तर म्हणून १८८२ साली पुण्यात ताराबाईंचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध छापून आला. स्त्रिया आणि पुरुष यांत साहसी कोण हे स्पष्ट करून दाखवण्यासाठी हा निबंध आहे, असं त्यांनी मुखपृष्ठावरच सांगितलं. आत बायकांच्या माथी मारलेला एकेक दोष घेतला आणि तो तुमच्यात किती आहे ते बघा, असं पुरुषांना रोखठोक विचारलं. विधवेचं लग्न होऊ द्यायचं नाही, तिला फसवणाऱ्याला कुणी काही म्हणायचं नाही आणि शेवटी दोष तिच्या स्वभावाचा, हे त्यांना सहन झालं नाही. पतिव्रताधर्माच्या नावाखाली बाईवर टाकलेलं ओझंही त्यांनी सोडलं नाही. त्यांची टवाळी झाली, तेव्हा जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. हा निबंधही लोक विसरून गेले, तो १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशात आणला.

ताराबाईंनी ज्या यादीचा समाचार घेतला ती दोषांची यादी आज उघडपणे म्हणायला लोक कचरतात. गुणांची यादी मात्र तशीच आहे. माझ्या आईच्या पिढीत ती ‘सोशिक’ होती, माझ्या पिढीत ‘समजूतदार’ झाली. माझ्या लेकीच्या पिढीत ‘सगळं मॅनेज करणारी’ झाली आहे. शब्द बदलला, मागणी तीच.

सोशिक या शब्दापाशी थोडं थांबते. पुरुषाला सोशिक म्हटलेलं तुम्ही किती वेळा ऐकलंय? त्याला कष्टाळू म्हणतात, सहनशील म्हणतात तेही क्वचित. सोशिक म्हणजे जी सोसते. आणि सोसायला कुणीतरी काहीतरी द्यावं लागतं. देणारा कोण, हे त्या शब्दात कुठेच येत नाही. ‘फार सोशिक होती हो’ असं एखादी गेल्यावर म्हणतात, तेव्हा तिने काय सोसलं आणि ते कुणामुळे, हे त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. एका विशेषणाने सगळ्यांची सुटका होते.

कामाचंही असंच. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात दिसलं की सहा वर्षांवरच्या स्त्रियांपैकी ८१ टक्के रोज घरातलं बिनपगारी काम करतात, पुरुषांपैकी २६ टक्के. आणि जे करतात त्यांचा दिवसाचा सरासरी वेळ स्त्रियांचा २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७ मिनिटं. २०२४ च्या सर्वेक्षणात हेच आकडे २८९ आणि ८८ आले. दोघांचाही वेळ थोडा कमी झाला, पण मधलं अंतर जवळजवळ तेवढंच राहिलं. आता हा विषय घरात काढून बघा. उत्तर ठरलेलं: ‘तिला आवडतं सगळं स्वतः करायला.’ ‘तिला दुसऱ्याचं काम पटतच नाही.’ ‘तिचा स्वभावच तसा आहे.’ कामाची वाटणी हा भांडता येण्यासारखा मुद्दा आहे. आज तू भांडी घास, उद्या मी घासतो, असं त्यावर बोलता येतं. स्वभाव म्हटलं की बोलणं संपतं. बाईच्या अंगाला स्वभाव चिकटवण्याचा खरा उपयोग हा आहे, वाटणीचा प्रश्न विचारावा लागत नाही.

इतिहासही आपण असाच सांगतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. रामशास्त्री प्रभुण्यांनी दोषी ठरवलं ते रघुनाथरावांना. पण मराठी भाषेत कायमचं काय राहिलं? ‘ध चा मा’. पत्रात ‘धरावे’चं ‘मारावे’ आनंदीबाईंनी केलं ही गोष्ट पिढ्यानपिढ्या सांगितली गेली. ती सिद्ध झालेली नाही, तरी कारस्थानी बाईला आजही लोक आनंदीबाई म्हणतात. रघुनाथरावांची आठवण मात्र अटकेच्या मोहिमेसह राघोभरारी म्हणून निघते. गादीचा लोभ दोघांना असेल नसेल. तो रघुनाथरावांच्या चरित्रातला एक प्रसंग ठरला आणि तिचं अख्खं नावच स्वभावाचं नाव झालं.

मुलग्यांबद्दल मी आतापर्यंत बोलले नाही, आणि त्यांच्या बाबतीतही माझ्या हातून चूक झालेली आहे. आमच्या वर्गात एक मुलगा होता, नोंदवहीतला ‘खोडकर’. एका सोमवारी तो शेवटच्या बाकावर डोकं खाली घालून बसला. घरची शेळी रात्री मेली होती. तिचं करडू असल्यापासून त्यानेच तिला वाढवलं होतं. तो हुंदके देऊन रडू लागला, तेव्हा मागून कुणीतरी ‘बायल्या’ म्हणालं आणि वर्ग हसला. मी वर्गाला दटावलं आणि मग त्याच्याकडे वळून म्हणाले, “पुरे आता. मुलगा ना तू?” त्याने तोंड पुसलं. त्यानंतर उरलेल्या वर्षभरात मी त्याला रडताना पाहिलं नाही, आणि घरचं काही सांगतानाही पाहिलं नाही. खोड्या वाढल्या. मी पुढच्या सत्रात पुन्हा ‘खोडकर’ लिहिलं.

‘बायकांसारखा रडतोस काय’, ‘हातात बांगड्या भर’ हे बोलताना आपण एका दगडात दोघांना मारतो. मुलीला सांगतो की तुझ्यासारखं असणं ही शरमेची गोष्ट आहे, आणि मुलाला सांगतो की तुला दुखलं तर ते तुझं तू गिळ. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. त्यांत दर दहा जणांमागे सात पुरुष आहेत. आणि ज्या स्त्रिया आहेत त्यांत निम्म्याहून अधिक गृहिणी आहेत. आत्महत्येमागे कर्ज असतं, आजार असतो, घरातला कलह असतो, त्याचं खापर एखाद्या शब्दावर फोडणं चुकीचं ठरेल. तरीही मला हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघावेसे वाटतात. एकाला मदत मागणं नामर्दपणाचं वाटायला शिकवलंय. दुसरीला सोसणं हाच गुण म्हणून शिकवलंय. दोघंही गप्प आहेत.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो प्रामाणिक असतो. बाई आणि पुरुष मुळातच वेगळे आहेत, सगळं काही संस्काराचं नसतं. मान्य. सरासरी फरक काही बाबतींत आढळतात. लांब फेकण्यात, मारामारीकडे असलेल्या ओढीत. पण मानसशास्त्रज्ञ जॅनेट हाइड यांनी २००५ साली अशा फरकांवरच्या अनेक अभ्यासांची ४६ मोठी संकलनं एकत्र तपासली, तेव्हा त्यांतले ७८ टक्के फरक नगण्य किंवा अगदी लहान निघाले. आणि समजा सरासरीत फरक असला, तरी माझ्या वर्गात सरासरी बसत नाही. माझ्या वर्गात ती एक मुलगी बसते, जिला फळा दिसत नाही. ‘मुली शांतच असतात’ हे वाक्य खरं असो वा खोटं, ते माझ्या डोक्यात असल्यामुळे तिचं शांत असणं मला प्रश्न वाटलं नाही. मला भांडायचंय ते एवढ्यावरच.

दुसरा आक्षेप, शब्दांनी काय होतं? कायदे करा, नोकऱ्या द्या. नोकरीच्या दारातही हेच शब्द उभे असतात. सैन्यातल्या महिला अधिकाऱ्यांना कायम कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नेमणूक, द्यायला केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात विरोध केला, तेव्हा एक मुद्दा असा होता की जवान बहुतांशी ग्रामीण भागातले आहेत आणि बाईच्या हाताखाली काम करायची त्यांची मानसिकता नाही. १७ फेब्रुवारी २०२० च्या बबिता पुनिया निकालात न्यायालयाने असल्या साचेबंद समजुतींवर हक्क नाकारता येत नाही असं स्पष्ट सांगितलं. मी ग्रामीण भागात शिकवते. माझ्याकडून शिकून सैन्यात गेलेली मुलं आहेत. त्यांनी आयुष्यातले पहिले हुकूम बाईकडूनच ऐकले आहेत, आईचे आणि माझे. त्यांच्या नावाने दुसऱ्यांनी हा स्वभाव सांगावा याचं मला फार वाईट वाटलं. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीश आणि वकिलांसाठी अशा साचेबंद शब्दांवर एक पुस्तिकाच काढली. स्त्रिया भावनेच्या भरात निर्णय घेतात ही समजूत त्यात चुकीची म्हणून नोंदवली आहे. म्हणजे निकालपत्र लिहिणाऱ्यांच्या हातूनही ते शब्द निसटत होते. मग माझ्या हातून प्रगतिपुस्तकात निसटले यात नवल नाही, पण तेवढ्याने माझी सुटका होत नाही.

२०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकातली चित्रं बदलली. आई आणि बाबा दोघं मिळून भाजी निवडताहेत, असं चित्र आलं. आमच्या गावात त्यावर पुष्कळ बोलणं झालं. एक आजोबा हसून म्हणाले, “आता पुस्तकच शिकवणार होय घर चालवायला?” मुलांना मात्र त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यांनी चित्र बघितलं आणि भाजी कोणती ते ओळखायला लागली. मला ते फार आवडलं.

शब्द बदलायचे म्हणजे ‘शांत’च्या जागी दुसरं गोड विशेषण शोधायचं, असं मी म्हणत नाही. मुलींना आता ‘धीट’ लिहा आणि मुलग्यांना ‘हळवा’, एवढ्यानेही भागणार नाही. ती नुसती रकान्यांची अदलाबदल झाली. मी स्वतःपुरतं एक पथ्य घालून घेतलं आहे. नोंदीत विशेषण लिहायचं नाही, घडलेली गोष्ट लिहायची. ‘समजूतदार आहे’ नको. ‘धाकट्या भावाला आणायचं असल्याने रोज दहा मिनिटं उशिरा येते’ असं लिहिलं की मला तिच्या आईशी बोलावंच लागतं. ‘खोडकर’ नको. ‘मधल्या सुट्टीनंतर बाकावर बसत नाही, खिडकीशी उभा राहतो’ असं लिहिलं की खिडकीबाहेर काय आहे ते बघायला मी जाते. सर्वंकष मूल्यमापनाने आमच्याकडून मुळात हेच मागितलं होतं: पाहा आणि लिहा. हे करायला वेळ लागतो. चाळीस मुलांचं असं लिहिणं एका रात्रीत होत नाही, म्हणून मी ते वर्षभर नोंदवहीच्या मागच्या पानावर टिपत राहते. कधी कधी थकून जुनं वाक्य हातात येतंही. मग ते खोडते.

घरातही हे करता येतं. ‘ती फार सोशिक आहे’ असं कुणी म्हणालं की मी विचारते, काय सोसते? विचारल्यावर खोलीत जरा शांतता पसरते. नणंदेच्या सासरी एकदा विचारलं, तर खुद्द त्या सोशिक बाईनेच बोटांवर मोजून सांगायला सुरुवात केली आणि जेवणं तासभर लांबली.

त्या चौथीतल्या मुलीला जानेवारीत चष्मा मिळाला. पहिले दोन दिवस तिने तो फक्त माझ्या तासाला घातला. घरी कुणीतरी म्हणालं होतं, चष्म्याच्या मुलीचं पुढे कसं होणार. तिसऱ्या दिवशी ती स्वतः उठून तिसऱ्या बाकावरून पहिल्या बाकावर आली आणि तिथून ते वर्ष संपेपर्यंत हलली नाही. फळ्यावर मी लिहीत असतानाच तिचा हात वर जायचा. फेब्रुवारीत स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाल्या, “चष्मा लागल्यापासून ती मुलगी जरा आगाऊच झालीय, नाही?” त्यांचा काही वाईट हेतू नव्हता. वर्षभरापूर्वी मीही तेच म्हणाले असते.

एप्रिलमध्ये तिच्या नावापुढे, ‘विशेष प्रगती’च्या रकान्यात मी लिहिलं: ‘अपूर्णांकांच्या तासाला तीन प्रश्न विचारले. तिसरा प्रश्न फळ्यावरच्या उत्तराबद्दल होता. उत्तर माझं चुकलं होतं. तिने ते दाखवून दिलं.’